दयाळाच्या फोटोची मागची बाजू

आत्या,

तू गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्याहून मिळेल त्या बसने निघाले. रस्ताभर रडले नाही. रडू आलं ते तिसऱ्या दिवशी, आणि खरं सांगायचं तर ते तुझ्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. पप्पांनी तुझ्या कपाटातून फोटोंचा पत्र्याचा डबा काढला आणि म्हणाले, "तेरवीला सगळे येतील तेव्हा हे दाखवू. अक्का दाखवायची बराबर तसंच. आधी मागचं वाचायचं, मंग फोटो." त्या डब्यात एक फोटो आहे ज्याची मागची बाजू कोरी आहे. ती कोरी का आहे, हे तुलाही माहीत नव्हतं. त्या फोटोबद्दल मी तुला खोटं सांगितलं होतं आणि दोन वर्षं ते तसंच ठेवलं होतं.

मागची बाजू म्हणजे काय हे तुला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण तुझ्या घरी कधी आलेले नसतील. तुझ्याकडे फोटो हातात यायचा तो उलटा. त्यावर निळ्या पेनाने, तो फोटो कसा मिळाला ते लिहिलेलं असायचं. ते न वाचता कुणी फोटो सुलटा केला तर तू मनगट धरायचीस. "थांब. आधी हकीकत." पाटबंधारे ऑफिसात तू तीस वर्षं 'सदर' आणि 'उपरोक्त' लिहिलंस. फोटोमागे मात्र बोलायचीस तसं लिहायचीस.

'सेलू स्टेशन. गाडी एक तास लेट. टायमावर असती तर हा नाचण दिसला नसता. गार्डसाहेबांनी बोट दाखवलं, नाव मी सांगितलं. ते चिमणी म्हणून राह्यले होते.'

'सिकंदराबादच्या अलीकडे, खिडकीतून. बाई गच्चीवर मिरच्या वाळू घालताना. तिने मला बघून हात केला. हात फोटोत न्हाई, तोवर गाडी हलली.'

'चंडोल. अंबडच्या माळावर. तिसरी खेप. चांगला आलेला न्हाई, पण दुसरा न्हाई.'

सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला एक वही दिलीस आणि या सगळ्या मागच्या बाजू उतरवून काढायला बसवलंस. मी इंग्लिश मीडियमची. मराठी वाचायचे तेव्हा ओठ हलायचे. एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांतलं कोणतं मोठं हे मला आधी इंग्लिशमध्ये करून बघावं लागायचं. मम्मी म्हणाली, "अक्का, तिला कशाला शिक्षा?" तू म्हणालीस, "शिक्षा कुठंय? गोष्टी वाचून राह्यली ती." त्या सुट्टीत मी दोनशेच्या वर गोष्टी वाचल्या. प्रत्येक चार-पाच ओळींची. आज हे मराठीत लिहिते आहे ते त्या वहीमुळे. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं होतं, पण मला असल्या गोष्टी तोंडावर बोलता येत नाहीत, आणि तुला ऐकताही आल्या नसत्या. तू लगेच "चल, चहा टाक" म्हणाली असतीस.

तुझं मूळ वेड पक्ष्यांचं नव्हतंच, गाड्यांचं होतं. टेंभुर्णीत वाढलीस, आणि जाफराबाद तालुक्यात रूळच नाहीत. अकरा वर्षांची असताना डोळे दाखवायला आजोबांनी तुला जालन्याला आणलं. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं धुरकट दिसतंय, आणि त्यात तुला स्टेशनवर आयुष्यातली पहिली गाडी दिसली. "धुरकट दिसली म्हणून नुसती ऐकली," तू सांगायचीस. "मंग ठरवलं, एकदा नीट बघायची." ते नीट बघणं पुढे संपलंच नाही. रिटायर झालीस, कॅमेरा घेतलास, लांबची लेन्स घेतलीस, आणि लोक देवदर्शनाला जातात तशी पॅसेंजरने निघायला लागलीस. क्रॉसिंगला गाडी थांबली की डब्यातले सगळे वैतागायचे आणि तू खूश व्हायचीस. थांबलेल्या गाडीतून पाखरं दिसतात, हा तुझा शोध. कुंपणावर, तारांवर, सिग्नलच्या खांबावर. आणि हिवाळ्यात ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या, अख्खा ढग वाकडा व्हावा तशा.

तुला 'सुमन' म्हणणारी तुझी मैत्रीण निर्मलामावशी तुझ्याबरोबर असायची. शाळेतल्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठली ती थेट तुझ्या शेजारच्या सीटवर बसली. डबा तिचा, पाण्याच्या बाटल्या तिच्या आणि दुर्बीणही तिची. बारावीनंतर तुमच्या दोघींत मी तिसरी आले. घरात लग्नकार्य असलं की मी भांड्यांच्या खोलीत जाऊन बसायचे. कुणी विचारलं की "हो", "नाही", "माहीत नाही". मम्मीला काळजी लागलेली. सगळे म्हणायचे, हिला बोलतं करा. तू एकटी म्हणालीस, "हिला माझ्यासंगं येऊ दे. हिची बडबड न्हाई. पाखरं उडायची न्हाईत."

पण मला गप्प ठेवण्यासाठी तू नेत नव्हतीस. हे हैदराबादला कळलं. मला चारमिनार बघायचा होता. तू स्टेशनच्या मागच्या गल्लीतच दोन तास रमलीस. तुला शहरं अशीच आवडायची, आंघोळ करून बाहेर यायच्या आधीची. शटर अर्धं वर गेलेलं, दुकानासमोर पाणी मारलेलं, कुणी उभ्या उभ्या दात घासतंय. एका छत्रीखाली कुलूपकिल्लीवाले म्हातारेबाबा बसले होते. त्यांच्यामागे किल्ल्यांचे घोस, त्यावर सकाळचं ऊन. मी लांबून कॅमेरा उचलला तर तू लेन्ससमोर हात धरलास.

"विचारलं का?"

"ते बघत नाहीयेत आत्या."

"म्हणूनच विचार. बघत असते तर त्यांना कळलंच असतं."

मी रस्ता ओलांडला. मला आठवतं, तेवढ्या दहा-बारा पावलांत मी तीन वाक्यं तयार केली आणि तिन्ही विसरले. शेवटी नुसता कॅमेरा दाखवला आणि म्हणाले, "फोटो?"

"लेलो बेटा," ते म्हणाले, "मैं कां भाग रौं?"

तू पलीकडून एवढ्या मोठ्याने हसलीस की एक सायकलवाला थांबला. फोटो काढल्यावर त्यांनी पत्ता सांगितला. नुसतं 'छत्रीवाले, मस्जिद के सामने' आणि गल्लीचं नाव. तू त्यावर प्रिंट पाठवलीस आणि ती पोचली. त्यांच्या नातवाचा फोन आला. आज मी ऑफिसात अनोळखी माणसाला फोन करायचा असला की मनात आधी तो रस्ता ओलांडते.

आपली भांडणंही लिहायला हवीत, नाहीतर तू म्हणशील, गोडगोड लिहून राह्यली. तारेचं भांडण आठवतं? वेड्या राघूच्या फोटोत विजेची तार आली होती. मी मोबाइलवर बोट फिरवून ती पुसून टाकली आणि तुला दाखवलं. तू चष्मा लावलास, काढलास, परत लावलास.

"तार कुठं गेली?"

"काढली. छान दिसतं ना आता?"

"अगं, मंग हे बसलंय कशावर?"

मी म्हणाले, फोटो म्हणजे पंचनामा नाही. तू म्हणालीस, पंचनामाच आहे, म्हणून तर मागे लिहायचं. दोघीही हटलो नाही. मी अजूनही तारा पुसते, आत्या. ते भांडण तसंच राहू दे. ते संपवायला तुझ्याकडून कोण बोलणार?

दुसरं भांडण आपलं नव्हतं, तुझं एका अनोळखी माणसाशी होतं. पण ते मी विसरू शकत नाही, कारण पुढे जे केलं ते मी त्यानंतर केलं. तलावाकाठी एकजण मोठा कॅमेरा आणि छोटा स्पीकर घेऊन आला होता. स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावायचा. तो ऐकून खरा पक्षी धावत यायचा आणि हा फोटो काढायचा. तू त्याच्याजवळ गेलीस.

"साहेब, तुमच्या दाराशी कुणी रोज येऊन ओरडलं, हे घर माझंय, नीघ बाहेर, तर तुम्ही जेवण सोडून याल का न्हाई?"

"बाई, पाखरू आहे ते."

"पाखरूच आहे. म्हणून त्याला स्पीकर कळत न्हाई. त्याला वाटतं दुसरा नर आला. इकडं पिल्लं उपाशी, आणि हा तुमच्या डब्याशी लढून राह्यला."

तो माणूस तोंड वाकडं करून निघून गेला. तू मला म्हणालीस, "असं मिळालेल्या फोटोमागं काय लिहिणार गं? 'फसवून काढला' असं?" मी मान हलवली. मला पटलं होतं. न पटता केलं असतं तर बरं झालं असतं, निदान आज सांगायला काहीतरी असतं.

आता तो दिवस.

परतूरच्या अलीकडचं ते लहान स्टेशन. जुन्या केबिनच्या भिंतीत एक भोक होतं आणि त्यात दयाळाचं घरटं. तुला एकच फोटो हवा होता. दयाळ गातोय, चोच उघडी, आणि मागे गाडी. तो कडुनिंबाच्या शेंड्यावर बसून गायचा, काळापांढरा ठिपका. जवळ यायचाच नाही. तू दोन रविवार नुसती बसलीस. तिसऱ्या रविवारी मी कॉलेजच्या सुट्टीत आले होते, निर्मलामावशीचे गुडघे दुखत होते म्हणून आपण दोघीच गेलो. आपली परतीची पॅसेंजर क्रॉसिंगला उभी होती. तू म्हणालीस, "बस इथं, कॅमेरा धर, मी रज्जाकभाईकडून चहा आणते," आणि त्यांनी आलं किसायला घेतलं म्हणून तुला उशीर लागला.

मी बाकावर बसले होते. गाडी सुटेल असं वाटत होतं. सुटली की मागची निळी गाडी गेली, तुझा फोटो गेला, तिसरा रविवारही गेला. मला तुझ्यासाठी तो फोटो हवा होता, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. पण आज इथे तेवढंच लिहिलं तर तेही अर्धंच होईल. मला तो माझ्या हातून मिळायला हवा होता. तू चहा घेऊन यावीस आणि मी काहीतरी केलेलं असावं. मी मोबाइल काढला, दयाळाचा आवाज शोधला आणि मोबाइल बाकावर ठेवून लावला.

तो आला. शेंड्यावरून दगड पडावा तसा सरळ खाली, कुंपणाच्या तारेवर, माझ्यापासून दोन हातांवर. शेपूट ताठ उभी, छाती फुगलेली, चोच उघडी. मागे डब्यांचा निळा रंग. मी बटण दाबत राहिले. मग आवाज बंद केला आणि मोबाइल खिशात टाकला. पण तो गेला नाही. तारेवरून बाकावर आला, मोबाइल होता त्या जागेभोवती फिरला, परत तारेवर गेला. ओरडत राहिला. केबिनच्या भोकातून त्याची मादी डोकं काढून बघत होती.

तू दोन कागदी कप सांभाळत आलीस. मी स्क्रीन पुढे केला. तू कप खाली ठेवलेस. चष्मा कपाळावरून खाली ओढलास.

"अनू, इतक्या जवळ कसा आला गं?"

आणि मी म्हणाले, "आपणहून आला."

तू माझ्याकडे बघितलंस. तुझे डोळे भरले होते. "आला म्हणजे येणारच. तू हलतच न्हाईस ना. माझं सारखं काहीतरी चालू, पदर सावर, चष्मा पूस. तू बसलीस की झाडासारखी बसतीस. त्याला तुझी भीतीच वाटली न्हाई."

त्या क्षणी सांगता आलं असतं. गाडीने शिट्टी दिली, आपण पळत चढलो. खिडकीतून मी मागे बघितलं. तो अजून तारेवरच होता, बाकाकडे तोंड करून.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. तू ती प्रिंट मोठी करून आणलीस. येईल त्याला सांगितलंस. टेंभुर्णीच्या काकांना, शेजारच्या वहिनींना, दूधवाल्यालासुद्धा. "आमची अनू इतकी गप बसती की पाखरू येऊन गाऊन जातं." ज्या गोष्टीसाठी मला आयुष्यभर टोकलं गेलं तिलाच तू गुण म्हणालीस, आणि लोकांनी ते मानलं. लग्नात मला कुणी "बोलत का नाहीस" विचारलं तर दुसरं कुणीतरी म्हणायला लागलं, "अहो, ही पाखरांवाली." मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात साहेब म्हणाले, यू आर टू क्वाएट. मी जागेवर येऊन बसले आणि मला तुझं वाक्य आठवलं. तू बसलीस की झाडासारखी बसतीस. त्या वाक्यावर मी पुण्यात टिकले, आत्या. आणि ते वाक्य ज्या फोटोवर उभं होतं तो फोटो खोटा होता.

म्हणून मागची बाजू कोरी राहिली. "तुझा फोटो आहे, तूच लिहायचं," तू म्हणालीस. दिवाळीत पेन हातात दिलंस. मी म्हणाले, नंतर. पाडव्याला परत विचारलंस. मी म्हणाले, नीट सुचलं की लिहिते. खरं लिहिलं असतं तर फोटो तर गेलाच असता, वर तुझ्या मनातली मीही गेले असते. ती मी मला फार आवडायला लागली होती.

तू जायच्या आठ दिवस आधी तुझा फोन आला. "दयाळ बोलायला लागला गं आपल्या अंगणात. रविवारी ये." मी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "बघते." तेवढंच. तू "बघ बघ" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी आले नाही.

तेरवीची जेवणं झाली. पानं उचलली गेली. बैठकीत सतरंजीवर सगळे बसले आणि निर्मलामावशीने डबा मांडीवर घेतला. एकेक फोटो उलटा काढायची, मागचं मोठ्याने वाचायची आणि मग फोटो हातोहात फिरायचा. लोक हसत होते, आत्या. तेरवीला. काकांनी गार्डसाहेबांची चिमणी दोनदा वाचायला लावली. मिरच्यावाल्या बाईचा फोटो बघून काकू म्हणाल्या, "हात कुठंय?" तर पप्पा म्हणाले, "अगं, तेच लिहिलंय ना, हात न्हाई म्हणून." तू असतीस तर तुला तुझी तेरवी फार आवडली असती.

मी दाराजवळ बसले होते. डबा तारखेप्रमाणे लावलेला होता. मला दिसत होतं, वरची चवड कमी होतेय. उठून स्वयंपाकघरात जाता आलं असतं. तीनदा उठले, दोनदा पाणी आणलं, एकदा नुसतीच उभी राहून परत बसले.

"हा कोरा कसा?" मावशी म्हणाली. तिने फोटो पालटून पुढून बघितला, परत मागून.

"तो आमच्या अनूचा," पप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात काय होतं ते मला माहीत होतं. "पाखरू आपणहून जवळ आल्तं तिच्या. सांग गं अनू, तूच सांग."

बैठकीतली सगळी डोकी दाराकडे वळली. चाळीस-एक माणसं असतील. मी एवढ्या लोकांसमोर कधीच बोलले नाही, तुला माहीत आहे. मी म्हणाले, "तो आपणहून नाही आला. मी मोबाइलवर आवाज लावला होता. आत्याला खोटं सांगितलं."

एवढं सरळ बोलता आलं, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. आता काय होईल, म्हणून मी खाली बघत थांबले.

काहीच झालं नाही. काका म्हणाले, "बरं, मंग?" काकू म्हणाल्या, "मोबाइलवर येतात व्हय पाखरं? आमच्या पोराला दाखव गं." पप्पा जरा गोंधळले, मग म्हणाले, "अगं, त्यात काय एवढं. फोटो तर छान आलाय." कुणीतरी फोटो पुढे दिला. तो हातोहात फिरायला लागला, बाकीच्यांसारखाच. दोन वर्षं पोटात धरलेली गोष्ट, आणि खोलीत कुणालाही तिचं काही नव्हतं. तेव्हा मला तू गेलीस हे पहिल्यांदा नीट कळलं. हे ऐकून ज्या एका माणसाला राग आला असता ते माणूसच खोलीत नव्हतं.

पण मी चुकले. फोटो फिरून परत आला तेव्हा निर्मलामावशीने तो डब्यात ठेवला नाही. मांडीवर उलटा ठेवला, पर्समधून पेन काढलं आणि मला खूण केली. मी जाऊन बसले. ती हळू बोलत होती, पण शाळेतल्यासारखी.

"घरटं होतं ना गं तिथं?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं."

"हो मावशी."

"बिलकुल चुकीचं केलंस. सुमनला कळलं असतं तर ती आठ दिवस तुझ्याशी बोलली नसती. तुझ्यासमोर काही म्हणाली नसती, पण मला आठ दिवस रोज फोन करून रडली असती. ती तर न्हाई आता. मंग मी न्हाई बोलणार आठ दिवस. हे धर. लिही."

मला एवढं बरं वाटलं, आत्या, की मी हसले आणि त्याच वेळी रडायला लागले. मावशीने तिकडे लक्ष दिलं नाही. मी लिहिलं. 'दयाळ. घरट्याजवळ मोबाइलवर आवाज लावून बोलावला. तो भांडायला आला होता, गायला नाही. आत्याला सांगितलं, आपणहून आला. अनू.' मावशीने वाचलं. "तारीख?" म्हणाली. तारीख घातली. मग तिने तो फोटो तारखेच्या जागी, दोन फोटोंच्या मध्ये बराबर सरकवला.

तिने शब्द पाळला. आठ दिवस बोलली नाही. मी पुण्याहून दोनदा फोन केला, उचलला नाही. नवव्या दिवशी तिचा मेसेज आला, 'रविवार. सकाळची पॅसेंजर. डबा मी आणते.' मी शनिवारीच आले.

दयाळाच्या त्याच स्टेशनवर उतरल्यावर मावशीने पहिल्यांदा हात पुढे केला. "फोन."

"बंद करते ना मावशी."

"दे इकडं."

मी दिला. तिने तो पोळ्यांच्या डब्याखाली पिशवीत खुपसला आणि पिशवी पायांमध्ये धरून बाकावर बसली. रज्जाकभाईंनी न विचारता दोन चहा आणून ठेवले आणि म्हणाले, "बाई न्हाईत तर आलं कमी घातलंय, तुम्हाला कडक चालत न्हाई ना?" मावशीने मान हलवली. केबिनची डागडुजी झाली होती, भोक बुजलेलं होतं. मी ते बघत राहिले. मावशी म्हणाली, "दुसरीकडं केलं असंल त्यांनी. बस गप."

आम्ही बसलो. ऊन बाकाच्या पायापासून माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. मग दुसऱ्या रुळावर मालगाडी येऊन थांबली, लांबच लांब, तपकिरी, आणि समोरचं सगळं झाकून गेलं. आणि तेव्हाच तो गायला लागला. गाडीच्या पलीकडे, कुठल्यातरी झाडावर. शीळ, मग थांबणं, मग वेगळीच शीळ. दिसत काही नव्हतं. मावशीने दुर्बीण उचलली आणि परत मांडीवर ठेवली.

"पूल ओलांडून पलीकडं जायचं का?" मी विचारलं.

"जाशील तोवर उडंल. ऐक."

ऐकलं. किती वेळ ते माहीत नाही, मोबाइल पिशवीत होता. तुझा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. पप्पांनी तो मला दिलाय, हे तुला सांगायचं राहिलं. मी तो उचलला आणि समोरच्या वॅगनचा फोटो काढला. एकच. गंजलेला दरवाजा, खडूने लिहिलेले आकडे, बाकी काही नाही. मावशीने वाकून स्क्रीन बघितला.

"हे काय काढलंस?"

"दयाळ," मी म्हणाले.

तिला हसू आवरेना. हसताना तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि पिशवीतून पेन काढून माझ्या हातात दिलं. प्रिंट यायला अजून चार दिवस होते, म्हणून मी तिकिटाच्या मागे लिहायला घेतलं.